सुट्टीच्या दिवशीची ड्यूटी

आमचं कुत्रं रडायला लागलं की महाळुंग्यातल्या कंपन्यांचे भोंगे लाजून बंद पडायचे. मी आणि बायको कामाला बाहेर पडलो, दार लागलं, की जो सूर धरायचं तो आम्ही परत येईपर्यंत. त्यात आमची निम्मी बिल्डिंग तिसऱ्या शिफ्टवाली, म्हणजे दिवसा झोपणारी. शेवटी घरमालक वर आले. शेती कंपन्यांना गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर ही बिल्डिंग बांधलेला जुना गावकरी माणूस. भांडायला आला तरी आधी पाणी मागणार. पाणी पिऊन म्हणाले, "पाव्हणं, महिन्यानं ह्या घरात कुत्रं दिसता कामा न्हाई. तुमी दिसला तर चालंल."

हे कुत्रं मला कंपनीच्या बसथांब्यावर सापडलं तेव्हा माझ्या सेफ्टी बुटात मावायचं. मित्रांना सांगताना मी काडेपेटीत म्हणतो. त्याला सोडायचं कुठं?

पिंपरीत एक डॉक्टरीणबाई कुत्र्यामांजरांच्या मनाचंही बघतात असं कळलं. गेलो. "काय त्रास?" त्यांनी विचारलं, आणि मी सुटलो. अठरा तास रडतं, सोफा खाल्ला, दार पोखरून पलीकडं डोकं काढलं, झोप न मिळून खालच्या शेजाऱ्याचे केस गेले. बाई भराभर लिहीत होत्या. बायको शांतपणे म्हणाली, "डॉक्टर, साडेचार तास. सोफा आमच्याकडे नाहीच. एक उशी होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दादा, तुमच्या सांगण्यावरून गोळी दिली असती तर हा पुढच्या दिवाळीला उठला असता. उद्या निघताना घरात मोबाईल लावून रेकॉर्डिंग करा. मला त्याचं ऐकायचंय, तुमचं नको."

रेकॉर्डिंगमध्ये पहिली अकरा मिनिटं मीच होतो. त्याचे दोन्ही कान धरून सांगत होतो, "येतो रे राजा, घाबरू नको, बाप कुठं जात नाही, आणि बस उलटलीच तर आई आहे."

बाईंनी ते दोनदा ऐकलं. "मला कुणी असा निरोप दिला तर मीही रडेन. त्याला वाटतं तुम्ही रोज लढाईवर जाता. एकटं राहायची भीती आहे त्याला, आणि ती तुम्ही वाढवताय."

गोळी मोजकीच दिली. बाकी पथ्य माझ्या तोंडाला. निघताना बोलायचं नाही, परत आल्यावर ते शांत होईपर्यंत बोलायचं नाही. शिवाय बूट, आयकार्ड, डबा बघितला की ते बिथरायचं, ती धास्ती मोडायची. म्हणजे सगळा साज चढवायचा आणि कुठंच जायचं नाही. मग दाराबाहेर क्षणभर, मग जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंत, आणि परत.

आपल्या कंपन्यांच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. त्या गुरुवारी मी युनिफॉर्म घालून, आयकार्ड लटकवून, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. मग उठून गेटपर्यंत गेलो, परत आलो. अशा चाळीस खेपा. बरं, बायको हे वाचणार आहे, तर चौदा. आणि तोंडातून शब्द नाही. बिल्डिंगीनं मला गप्प बघितलं ते पहिल्यांदाच.

दुसऱ्या गुरुवारी बातमी पक्की झाली: ह्याची नोकरी गेली, डोक्यावर परिणाम झालाय, सुट्टीच्या दिवशी ड्यूटीला निघतो आणि गेटवरून परत येतो. ज्याचे केस मी घालवले होते तो खालचा शेजारी जिन्यात भेटला. डोक्यावर भरगच्च केस. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावा, आमच्या लाईनवर हेल्परची जागा आहे. लाजू नको."

"अरे, कुत्र्याची ट्रीटमेंट चालू आहे."

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "कुत्र्याचीच असणार."

इतकी वर्षं ह्या बिल्डिंगीनं माझी एकेक थाप गिळली, आणि एकदा खरं बोललो तर हे.

महिना भरला. घरमालक आले, पाणी मागितलं. कुत्रं कोपऱ्यात निवांत पडलं होतं. त्याच्याकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्याला. आता वरडतबी न्हाई. आन् वाईट वक्ताला माणसाजवळ कुनीतरी पायजेच." मी खुलासा करायला तोंड उघडलं. बायकोनं तांब्या असा आपटला की ते आपोआप मिटलं.

परवा पहिली शिफ्ट होती. बूट घातले, आयकार्ड अडकवलं, अवाक्षर न काढता निघालो. कुत्र्यानं एक डोळा उघडला, मीच आहे हे बघितलं आणि मिटला. दार ओढून घेतलं, पण पाय निघेना. महिनाभर गप्प बसलो ते ह्याच्यासाठी, आणि ह्याला काहीच वाटू नये? खाली बस हॉर्न देत होती. मी दाराला कान लावला. जुन्या ओळखीखातर निदान एकदा तरी कुंई.

तिसरी शिफ्ट करून खालचा शेजारी जिना चढत होता. मला तसा बघून थबकला.

"काय राव," तो म्हणाला, "घरातनं पण काढलं?"