स्पीकरखालचं वर्तमानपत्र

जुन्या टेपरेकॉर्डरला जोडायला स्वस्तातले दोन स्पीकर आणले. दुकानदार म्हणाला होता, "काका, या किमतीत इतका साफ आवाज मिळायचा नाही." कपाटावर ते थरथरू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्राची घडी सरकवली आणि सुधाच्या रियाजाची टेप लावली. सुधा, माझी बायको, जाऊन आता दोन वर्षं झाली.

आवाज खरंच साफ होता. तानेआधी तिने घेतलेला श्वास मला पहिल्यांदाच ऐकू आला. पण मध्येच कागद सळसळायचा. स्वस्तातलं ते स्वस्तातलंच, असं पुटपुटत मी खालची घडी काढून घेतली आणि टेप मागे नेली. सळसळ पुन्हा त्याच जागी आली.

मग गाणं थांबवून सुधाने विचारलं, "अहो, जमला का आजचा आलाप?"

पान उलटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माझा, "हं, छान."

सुधाचं गाणं मी रोज समोर बसून ऐकायचो, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो. समोर बसायचो, एवढंच खरं.

टेपमध्ये तिने तोच आलाप पुन्हा पहिल्यापासून धरला. स्पीकरखालून काढलेलं वर्तमानपत्र माझ्या हातातच होतं.