बत्तिसावी ओळ

पेंटरकाकांना रागवायला फारसं निमित्त लागत नसे. रस्त्यानं जाताना एखाद्या दुकानाच्या पाटीवर पहिली दोन अक्षरं ऐसपैस आणि जागा संपली म्हणून शेवटची चार दाटीवाटीनं कोंबलेली दिसली, की ते तिथंच थांबत. दुकानदाराला बाहेर बोलावत आणि विचारत, "ही पाटी लिहिली कुणी? आणि तुम्ही त्याला तसंच जाऊ दिलंत?" याच कारणानं त्यांच्या बायकोनं त्यांच्याबरोबर बाजारात जाणं सोडून दिलं होतं. पण हे सगळे किरकोळ राग. माणूस खरा पेटला तो एकदाच, आणि तो राग सोळा आणे रास्त होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एके काळी शहरातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. दवाखाने, शिंप्यांची दुकानं, छापखाने, ट्रकांची पाठ, सगळीकडे त्यांची अक्षरं. मग यंत्रावर छापलेले फ्लेक्स आले. सकाळी सांगा, दुपारी टांगा, आणि वर्षभरात उन्हानं फिके पडले की फेकून द्या. एकेक गिऱ्हाईक गळत गेलं. ब्रशांचे केस वाळून काड्या झाल्या. शेवटी वर्षाकाठी एकच काम हक्काचं उरलं, ते म्हणजे मिशनच्या शाळेतला गुणवंतांचा फलक.

हा फलक शाळेच्या सभागृहात डाव्या भिंतीवर होता. रंगमंचावर मधोमध क्रूस, उजवीकडे खिडक्या, डावीकडे हा माणसापेक्षा उंच, गर्द तपकिरी पॉलिशचा फलक. काकांनी ऐन उमेदीत स्वतः तयार केलेला. त्यावर बत्तीस ओळींची जागा. शेवटच्या परीक्षेत शाळेत पहिल्या येणाऱ्याचं नाव दर वर्षी सोनेरी रंगात एका ओळीवर चढायचं. आणि सगळ्यात खाली, चौकटीला लागून, दोन बोटं रुंदीची एक पट्टी सोडलेली होती. तिच्यात काकांनी बारीक अक्षरांत स्वतःचं नाव आणि पुढे 'पेंटर' असं लिहिलं होतं. त्यांच्या घराच्या दाराला नावाची पाटी नव्हती. बायको येताजाता म्हणायची, "जगाची नावं लिहीत हिंडतात आणि पोस्टमनला आमचं घर शेजारणीला विचारून शोधावं लागतं." काका म्हणायचे, "माझं नाव आहे जिथं असायला पाहिजे तिथं."

आता दोरीची गोष्ट. ओळ सरळ यावी म्हणून खडूची पूड चोळलेली दोरी फलकावर ताणून धरायची आणि मध्ये चिमटीत पकडून सोडायची. टणकन आवाज होतो आणि पांढरी रेघ उमटते. याला दोन माणसं लागतात. पहिल्या वर्षी काका एकटेच होते. आपलं नाव कधी लिहितात म्हणून घुटमळणारी त्या वर्षीची पहिली आलेली पोरगी तिथंच उभी होती. काका तिच्यावर खेकसले, "नुसती बघतेस काय? हे टोक धर, आणि हलू नकोस!" पोरीनं श्वास रोखून टोक धरलं. दुसऱ्या वर्षी पहिला आलेला मुलगा आपणहून विचारत आला, "काका, दोरी कधी धरायची?" झालं. तेव्हापासून तो शाळेचा रिवाजच पडला.

पुढे पुढे तर 'पहिला कोण आला' असं शाळेत कुणी विचारेनासंच झालं. 'यंदा दोरी कुणाची?' असंच विचारायचे. गणिताच्या बाई फळ्यासमोर अडलेल्या मुलाला सुनवायच्या, "हे असं सोडवलंस तर दोरी सोड, सुतळीसुद्धा मिळायची नाही." बक्षीस समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी सभागृह भरायचं. संगीताच्या सिस्टर पेटी घेऊन बसायच्या, गायनवृंद एक प्रार्थनागीत म्हणायचा, जुनी मुलं आपापली पोरं कडेवर घेऊन यायची आणि फलकावर बोट ठेवून दाखवायची, "ही बघ, ही मी." दोरी टणकन वाजली की टाळ्यांचा नुसता कडकडाट.

यंदा दोरी बसवाल्याच्या मुलीची होती. बसवाला म्हणजे शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सकाळी मुलं उतरवून झाली की गडी सभागृहात येऊन पंख्याखाली बसायचा आणि समोरचा फलक वरपासून खालपर्यंत वाचायचा. एकतीसच्या एकतीस नावं त्याला सालासकट पाठ होती. मुलगी संध्याकाळी बसच्या शेवटच्या सीटवर दप्तर उघडून बसायची. बाप बस धूत असायचा आणि ही आत गणितं सोडवत असायची. खिडकीतून पाणी वहीवर आलं की आतून ओरडायची, "बाबा, प्रमेय भिजलं!" पोरगी अख्ख्या शाळेत पहिली आली. निकालाच्या दिवशी बसवाल्यानं थांबा नसलेल्या ठिकाणीही हॉर्न वाजवला आणि बसमधल्या एकाही मुलानं तक्रार केली नाही.

बक्षीस समारंभाला तीन दिवस उरले असताना फादरांनी काकांना ऑफिसात बोलावलं. फादर म्हणजे शाळेचे नवे मुख्याध्यापक. दोन वर्षांपूर्वीच आलेले, तरुण, कामसू, बोलायला गोड. त्यांनी काकांपुढे एक टाइप केलेला कागद सरकवला.

"पेंटरकाका, माजी विद्यार्थ्यांनी आपल्याला मोठा पडदा दिलाय, टीव्हीसारखा. सभागृहात बसवून झाला. आता सगळे गुणवंत त्यावर दिसतील. फोटोसकट."

"उत्तम," काका म्हणाले. "मग मला कशाला बोलावलंत?"

"फलकावर एकच ओळ शिल्लक आहे ना? त्या ओळीत एवढं एक वाक्य लिहायचं. शाळा समितीचा ठराव झालाय."

काकांनी चष्मा लावून वाक्य वाचलं. 'यापुढील गुणवंतांची नावे डिजिटल पडद्यावर पाहावीत.' त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग कागद उलटून पाहिला, मागे आणखी काही शहाणपण लिहिलंय का म्हणून.

"आणि यंदाची मुलगी?"

"ती पडद्यावर पहिलीच येईल. फोटो, नाव, गुण. पूर्ण दहा सेकंद."

"दहा सेकंद?"

"मग पुढचा फोटो येतो. काका, तुम्हीच विचार करा. फलकावर वर्षाला एकच मूल. पडद्यावर चाळीस मुलं दिसतील. धावणारी, गाणारी, निबंध लिहिणारी. ते जास्त न्यायाचं नाही का?"

हे खरं होतं आणि त्यामुळेच काकांचा पारा आणखी चढला. "चाळीस दाखवा, चारशे दाखवा, माझी हरकत नाही! पण पोरीच्या हक्काची ओळ काढून घ्यायची आणि तिथं 'तिकडे पाहा' म्हणून लिहायचं? असली पाटी मुतारीकडे जायचा बाण दाखवायला लावतात, फादर. गुणवंतांच्या फलकावर नाही."

फादरांचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. त्यांनी जुनी वही उघडली. "फलक बत्तीस ओळींचा. यंदाचं वर्ष एकतिसावं. म्हणजे खरं तर दोन ओळी उरायला हव्या होत्या. एक मुलीला, एक समितीला. ती दुसरी ओळ कुठं गेली, काका?"

ओळ कुठं गेली ते काकांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नवव्या वर्षी दोन मुलं बरोबरीनं पहिली आली होती. तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणाल्या होत्या, दोघांची नावं एकाच ओळीत बारीक लिहून टाका. काका तेव्हाही असेच उसळले होते. "सिस्टर, अर्ध्या ओळीत पहिला नंबर मावत नाही!" सिस्टर हसल्या होत्या आणि काकांनी दोघांना एकेक पूर्ण ओळ दिली होती. दोन्ही मुलांनी एकाच वेळी दोरीचं एकेक टोक धरलं होतं. काकांच्या सगळ्या कारकिर्दीत याहून चोख काम झालं नव्हतं, आणि आज तेच त्यांच्या तोंडावर मारलं जात होतं.

"शुक्रवारी लिहून द्या," फादर म्हणाले. "ठरावात तसं आहे. फलकाच्या शेवटी."

काका फाटकापाशी पोचले तर समोर बसवाला. अंगात धुतलेला सदरा, तोंडभर हसू. "काका, शुक्रवारी किती वाजता? तिची आत्या येतेय, मामा येतोय. मामानं तर रजा टाकली. पोरगी रोज दाराच्या कडीला सुतळी बांधून सराव करतेय, हात हलू नये म्हणून."

काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "तीन वाजता." मग स्वतःवरच चरफडत ते घरी गेले.

घरी त्यांनी चहाचा कप असा आदळला की बशी टिचली. बायकोनं टिचलेली बशी उचलली. "कुणी पाटी वाकडी लिहिली आज?"

त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना समितीतल्या एकेकाचा उद्धार केला. "त्या बापाला एकतीस नावं पाठ आहेत! बत्तिसावं आपल्या लेकीचं असावं म्हणून बसलाय तो तिथं इतकी वर्षं. आणि आता त्याला सांगू, की बाबा रे, पापणी लवली तर तुझी लेक गेली?"

"मग लिहू नका ते वाक्य."

"नाही लिहिलं तर फ्लेक्सवाल्याला बोलावतील. माझ्या फलकावर प्लॅस्टिक चिकटवतील!"

"मग लिहा आणि पोरीचंही लिहा."

"कुठं? तुझ्या कपाळावर?"

"माझ्या नको," ती शांतपणे म्हणाली. "फलक तुम्ही केलाय. कुठं जागा आहे ते तुम्हाला माहीत."

कुठली जागा ते काकांना कळलं. बायकोलाही कळलं होतं. तिनं बशी केरात टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

शुक्रवारी सकाळची प्रार्थना आटोपून मुलं वर्गात गेली, तेव्हा काका सभागृहात एकटे होते. फलकासमोर जुनं पोतं अंथरून ते जमिनीवर बसले. दाढीची पत्ती घेऊन त्यांनी सगळ्यात खालच्या पट्टीतलं आपलं नाव खरवडायला घेतलं. रंग चिवट निघाला. चांगला घातला होता ना, तेव्हा निघेल कसा! प्रत्येक अक्षराला समितीच्या एका सभासदाच्या नावानं शिवी देत ते खरवडत राहिले. सभासद संपले तेव्हा स्वतःला देऊ लागले. मग पॉलिशपेपर, मग तपकिरी रंगाचा एक हात. तो वाळल्यावर हाताला काठीचा टेकू देऊन, सगळ्यात बारीक ब्रशानं, त्यांनी दोन बोटांच्या पट्टीत समितीचं वाक्य लिहिलं. एकही शब्द गाळला नाही. अक्षरंही सुरेख काढली, कारण घाण काम करायला हात वळतच नव्हता.

तीन वाजता सभागृह भरलं. सिस्टर पेटीवर बसल्या. आत्या आली, मामा आला. बसवाला पहिल्या रांगेत बसला तो गुडघ्यांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखा. उजव्या भिंतीवर नवा पडदा चालू होता आणि त्यावर चाळीस मुलं एकामागून एक येत-जात होती. त्यांचे आईबाप आपलं मूल आलं की ओरडायचे. तेही छानच दिसत होतं, हे काकांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि त्याचाही त्यांना राग आला.

मुलगी पुढे आली. काकांनी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. ती वाकली, बत्तिसाव्या ओळीवर टोक टेकवलं आणि तिची नजर खाली गेली.

"काका, इथं तुमचं नाव होतं."

"हलू नकोस," काका खेकसले.

दोरी टणकन वाजली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. काकांनी सोनेरी रंगात ब्रश बुडवला आणि पहिल्या वर्षीइतक्याच मोठ्या अक्षरांत, साल आणि मग तिचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट लिहिलं. बसवाला उठून उभा राहिला. त्याला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण दोन्ही हातांनी डोळे पुसण्यात ते राहून गेलं.

गडबड ओसरल्यावर फादर फलकापाशी आले. आधी त्यांनी बत्तिसावी ओळ वाचली आणि कपाळाला आठी घातली. "पेंटरकाका, ठराव वेगळा होता."

"फलकाच्या शेवटी, असा होता. शेवटीच लिहिलंय. त्याच्या खाली आणखी फलक असेल तर दाखवा."

फादर खाली वाकले. वाक्य वाचलं. नव्या तपकिरी रंगाखाली खरवडल्याच्या खुणा अजून दिसत होत्या. त्यावर बोट टेकवता टेकवता ते थांबले.

"इथं तुमचं नाव होतं," ते उठून म्हणाले. आवाज खाली आला होता. "काका, मला हे... मी असं सांगितलं नव्हतं. थांबा, आपण एक करू. तुमचं नाव पडद्यावर टाकू. फोटोसकट."

काकांनी ब्रश चिंधीला पुसला, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि मग फादरांकडे पाहून विचारलं,

"किती सेकंद?"