भरीत हलता कामा नये

ताट बाहेर जाण्याआधी आमचे शेफ गुडघ्यांत वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि ताटाच्या कडेला नाक टेकवून दुसऱ्या डोळ्यानं भरताकडे बघायचे. सुतार फळी सरळ आहे का बघतो ना, तसं. मग चिमट्यानं कोथिंबिरीचं एक पान उचलून जरा पलीकडे ठेवायचे आणि म्हणायचे, “आता जाऊ द्या. पण हळू. भरीत हलता कामा नये.”

मी उभा जन्म लॉजच्या खानावळीत वाढप केलेला माणूस. भरीत हलतं हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. पहिले काही दिवस मला या माणसाचा मनापासून राग यायचा.

धुळ्याबाहेर हायवेला लागून आबांच्या मुलानं हे हॉटेल काढलं होतं. आबा म्हणजे मार्केट यार्डातले जुने व्यापारी. मुलाला फाइन डायनिंगचं वेड लागलं. त्यानं मला काळा कोट घालून कॅप्टन केलं आणि शेफ म्हणून यांना आणलं. शेफ मूळचे मुक्ताईनगरकडचे, केळीवाल्या घरातले. अर्धं आयुष्य जहाजावर परदेशी पाहुण्यांना रांधून घालण्यात गेलं. “जगभरच्या माणसांनी माझ्या हातचं खाल्लं हो,” ते मला सांगायचे. “आपल्या मुलखातल्या एकानं तरी माझ्या टेबलावरून उठताना ‘पोट भरलं’ म्हणावं. बस, दुसरं काही नको.”

आता तुम्ही खानदेशातले असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे. पंगत बसण्याआधी आचारी मोठ्या माणसाला वाटीत चव पाहायला देतो. तो मीठ-तिखट सांगतो आणि मग वाढायला सुरुवात होते. पहिल्याच दिवशी एक कुटुंब आलं. परातीएवढ्या पांढऱ्या ताटात मधोमध चमचाभर भरीत मी त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या नानांनी ते बोटानं चाटलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “मीठ बरोबर शे. वाढा आते.”

मी ताट उचललं आणि सुपारीएवढी पाटवडी आणली. “हाई बी बरोबर शे,” नाना म्हणाले. त्यानंतर बट्टीचा तुकडा आला, मांड्याची घडी आली, सात पदार्थ झाले. नाना सगळे पास करत गेले. शेवटी शेफ हात पुसत स्वतः बाहेर आले. नानांनी त्यांची पाठ थोपटली. “बठ्ठं झकास शे भाऊ. आते पंगत कव्हय?” पंगत कधी बसते, एवढंच त्यांना हवं होतं.

आबांच्या मुलानं मला तोंडी खुलासा करायला लावलं. प्रत्येक ताटासोबत मी म्हणायचो, “हे चवीला नाही, हेच जेवण आहे.” लोक समजूतदारपणे मान हलवायचे. एकजण उठून थेट स्वयंपाकघरात गेला, जेवणाचं मोठं भगोनं कुठं दिसतंय का ते पाहिलं, आणि परत येऊन घरच्यांना हळूच म्हणाला, “काही बोलू नका. त्यासनं सरी गयं.”

पंगतीत जेवण सरणं यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही. गावभर झालं, की बिचाऱ्या हॉटेलात रोजच जेवण सरतं. मग लोक घरून जेवून यायला लागले. “आमले भूक नही, पहिले त्यासले द्या,” असं म्हणून शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवायचे. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्यानं वांग्यांची दोन पोती पाठवून दिली. शेफ पोत्यांकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं, पुरवठादाराची चूक झाली.

मग एका दुपारी आबा आले. सातही पदार्थ त्यांनी मनापासून खाल्ले. सातवं ताट उचललं गेलं तरी ते हात आवरून बसून राहिले. शेफ समोर उभे, अख्खं हॉटेल बघतंय. आबांनी इकडंतिकडं पाहिलं, एक लांबलचक खोटी ढेकर दिली आणि म्हणाले, “पोट भरनं भाऊ. आते काही नको.”

शेफनी आत येऊन मला मिठी मारली. अहो, रडत होता माणूस. तेवढ्यात आबा विसरून गेलेली काठी टेबलाला टेकलेली दिसली, तशी ती घेऊन शेफ बाहेर धावले आणि मी त्यांच्यामागे. आबांची गाडी समोरच्या ढाब्यावर उभी होती. आत आबा तर्रीदार शेवभाजीत भाकरी चुरत होते. आम्हाला पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

“आबा, पोट भरलं होतं ना?” शेफनी विचारलं.

“तुनं सरी गयं व्हतं भाऊ. चार लोकस्मा तुनी इज्जत राखी.”

“सरलं नव्हतं आबा. तेवढंच करायचं होतं.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

आबांच्या चेहऱ्यावर मी इतकं दुःख कधी पाहिलं नव्हतं. “काबर रे भाऊ?” ते म्हणाले. “चांगलं व्हतं ना ते!”

शेफ काठी धरून तसेच उभे राहिले. “खरंच चांगलं होतं?” त्यांनी विचारलं. आबांनी उष्टा हातच गळ्याला लावून शपथ घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेफनी मंडपवाल्याकडून भगोनी मागवली. तेच सात पदार्थ, तोच मसाला. हॉटेल बंद ठेवलं आणि फक्त आबांना बोलावलं. वाढायला मी पुढे झालो, तर शेफनी पळी माझ्या हातातून घेतली. आबा पहिल्यांदा “बरोबर शे” म्हणाले, त्यानंतर बोललेच नाहीत. बट्टीवर वरण, वरणावर तूप, मग पुन्हा बट्टी. शेफ वाढत होते आणि ‘पोट भरलं’ हे दोन शब्द कधी येतात म्हणून आबांच्या तोंडाकडे बघत होते.

पुढे जहाजाचं बोलावणं आलं आणि शेफ गेले. मला त्यांची फार आठवण येते. पण डोळ्यापुढे येते ती तीच दुपार. मांडा अर्धा तोडून आबा खुर्चीतच झोपलेत, तोंड उघडं, हाताला पुरण तसंच. मी विचारलं, “उठवू का? ते ‘पोट भरलं’ म्हणायचं राहिलं ना.” शेफनी ओठांवर बोट ठेवलं, शेजारी खुर्ची ओढून बसले आणि इस्त्रीचा पांढरा नॅपकिन उलगडून आबांच्या तोंडावरच्या माश्या वारत राहिले.