पायपुसण्यावरचा पहिला बेस

आमच्या ह्यांनी आयुष्यभर शाळेतल्या पोरींना बेसबॉल शिकवला, आणि आयुष्यभर लोकांनी त्यांना "काय सर, क्रिकेटची टीम काय म्हणतेय?" असंच विचारलं. कन्नड तालुक्यातल्या माझ्या सासरी तर हा खरंच खेळ आहे की ह्यांनी काढलेली थाप, याचीच शंका होती. मलाही काही कळत नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्यांनी अंगणात उभं करून मला नियम शिकवले. लाकडी खुर्ची ठेवली ती बॅटरची जागा. दारातलं पायपुसणं पहिला बेस, म्हणजे धावत गाठायचा पहिला टप्पा. पाण्याची टाकी दुसरा. तिसऱ्यापर्यंत मी कधी पोचलेच नाही, कारण तोवर आत भाजी करपायची.

त्या सगळ्यात एकच नियम माझ्या डोक्यात पक्का बसला, कारण मला त्याचा राग आला होता. समोरून टाकलेला बॉल बॅटरच्या अंगाला लागला, तर तिला पहिला बेस फुकटात मिळतो. पण तिनं तो चुकवायचा प्रयत्न केलेला दिसला पाहिजे. खांबासारखी उभी राहून अंगावर घेतला, तर बेस नाही. मार खाल्ला तो खाल्ला, वर पुन्हा बॅट घेऊन उभं राहायचं.

"हा कुठला न्याय?" मी म्हणाले. "लागलं म्हणजे लागलं ना?"

"लागल्याचा बेस नसतो गं," हे म्हणाले. "वाचायचा प्रयत्न केला, त्याचा असतो."

हा नियम ह्यांनी एकदा स्वतःच्याच टीमवर लावला. बिडकीनच्या बाजूला एका मैदानावर सामने होते. आता तिथून कंपन्यांकडे जाणारा रुंद रस्ता गेलाय. त्या दिवशी पंच आलेच नाहीत, म्हणून दोन्ही शाळांनी ह्यांनाच उभं केलं. शेवटी बरोबरी झालेली, तिन्ही बेसवर ह्यांच्याच पोरी. बॅटरला नुसता बेस मिळाला असता तरी सगळ्या एकेक बेस पुढं सरकून तिसऱ्यावरची पोर आत आली असती आणि सामना जिंकला असता. बॅटिंगला आलेल्या पोरीनं हिशोब बरोबर केला. बॉल अंगावर येताना दिसला आणि ती जागची हलली नाही. बरगडीवर बसला. सगळ्या पोरी नाचायला लागल्या. ह्यांनी हात आडवा हलवला, बेस नाही, आणि तिला परत जागेवर उभं केलं. ती बाद झाली, आणि जादा डावात सामना गेला.

संध्याकाळी तिची आई तिला घेऊन आमच्या दारात.

"सर, पोरीच्या बरगडीवर येवढं काळंनिळं झालंय, आन् तुमी म्हंता बेस नाय?"

"लागलंय ताई, लई जोरात लागलंय. पन ती हालली नाय."

"आवं, तुमच्याच शाळेसाठी उभी ऱ्हायली ना ती!"

"तेच सांगतोय. आज बरगडीवर घेतला. उद्या डोक्यावर घेईल."

बाईंनी चहाला हात लावला नाही. मी पोरीला आत नेऊन आंबेहळदीचा लेप लावला आणि ती गेल्यावर ह्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला. नियम माणसासाठी असतात की माणसं नियमासाठी, वगैरे मी भांडी घासताना भांड्यांना ऐकवत होते. हे ओट्यापाशी उभे राहून ऐकत होते. "त्या पोरीला आवडत नाय मी आता," एवढंच म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना ते फार लागलं होतं.

निवृत्त झाल्यावरही हे रोज सकाळी मैदानावर जायचे. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. "घेतली का?" मी विचारायची. "घेतली," हे सांगायचे. एका सकाळी मैदानावर पोरींना म्हणाले, डावा हात जड लागतोय. पोरी म्हणाल्या, सर, बसा. हे बसले नाहीत. थोड्या वेळानं उभ्या उभ्याच कोसळले. लकव्याचा झटका होता. दवाखान्यातून कपडे न्यायला मी घरी आले, तर ह्यांच्या किटच्या पिशवीत बॉलच्या खाली गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. न फोडलेल्या.

माझा संताप झाला. भीती त्याहून मोठी होती, पण भीतीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी रागच घेऊन परत गेले. ह्यांची डावी बाजू पूर्ण गेलेली, तोंड वाकडं झालेलं, शब्द फुटत नव्हता. अशा माणसाला मी म्हणाले, "समोरून येताना दिसत होतं तुम्हाला. हललाच नाहीत तुम्ही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उजवा हात चादरीवरून जरासा उचलला आणि आडवा हलवला. बेस नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, या दोन-तीन महिन्यांत डावीकडं जरा तरी हालचाल आली पाहिजे. नंतर अवघड होतं." मग म्हणाली, मऊ बॉल डाव्या अंगाला मारत जा, अंग दचकलं तर दचकेल. मी गुलमंडीच्या बाजारातून लोकरी मोजे आणले, त्यात चिंध्या कोंबून बॉल शिवला. सकाळी ह्यांना त्याच लाकडी खुर्चीत उशा लावून बसवायचं आणि समोरून टाकायचा.

बॉल डाव्या खांद्याला लागायचा आणि मांडीवर पडायचा. खांदा हलायचा नाही. हे उजवा हात आडवा करायचे. बेस नाही. सुरुवातीला आम्ही दोघंही हसायचो. ह्यांचं हसू अर्ध्याच तोंडात यायचं. पुढं पुढं हसू गेलं. दिवस चालले होते आणि खांदा तसाच होता. कधी कधी मी फार जोरात फेकायची. शेजारच्या वहिनी भिंतीवरून बघून एकदा म्हणाल्या, "अहो, आजारी माणसाला काय मारताय!" मी व्यायाम घेतेय की सूड, हे मलाही सांगता आलं नसतं.

मग एक दिवस मी बॉल टाकला आणि ह्यांचा डावा खांदा मागं गेला. फार नाही, शर्टाची शिवण सरकावी इतका. बॉल लागलाच. मी हात तोंडावर ठेवून उभी राहिले. ह्यांनीही खाली खांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उजव्या हाताचं बोट दाराकडे केलं. पायपुसण्याकडे.

पहिला बेस.

तोवर ह्यांना थोडं बोलता येऊ लागलं होतं. पण उठणं कुठलं! हे पायपुसण्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेव्हा मला अंगणातला तो उन्हाळा आठवला. बॉल लागून बॅटरला चालता येत नसेल, तर त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवता येतं.

"मी जाऊ?" मी विचारलं. "चालतं ना?"

ह्यांनी होकारार्थी मान हलवली. मी पदर खोचला आणि या वयात, शेजारच्या वहिनींच्या डोळ्यांदेखत, धावत जाऊन पायपुसण्यावर उभी राहिले. पुढं टाकीकडे निघणार, तेवढ्यात ह्यांनी हात वर केला.

"थांब," शब्द तुटत तुटत आले. "फुडचा बॅटर मारंल. मंग पळ."

मी थांबले. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या.

दुसरा झटका पुढच्या महिन्यात आला. गोळ्या मी स्वतःच्या हातानं देत होते, एकही चुकली नव्हती. डॉक्टर म्हणाले, हा टळण्यासारखा नव्हता. हे गेले.

खुर्ची मी अंगणातून हलवलेली नाही. सकाळी दार उघडलं की पाय पायपुसण्यावर पडतो आणि ती समोर दिसते. मी तिथंच थोडा वेळ थांबते. ह्यांच्यानंतर बॅटिंगला कोणी आलेलं नाही.