मामांचा पोहणारा रणगाडा

तिसगावच्या माझ्या मामांनी एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर रणगाडा चालवला, हे सगळी आळी मानते. पण तो रणगाडा नदीत पोहला, मधेच इंजिन तापलं आणि तिथल्या गावकऱ्यांनी दोर बांधून होडीने तो पलीकडे ओढून नेला, हे कोणीच मानत नाही. मामी तर मुळीच नाही. "सोडा की. लोखंड कधी तरंगतं व्हय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यंदा दिवाळीत चारचौघांत त्या तसं म्हणाल्या आणि मामा नेहमीसारखे हसले नाहीत, ताटावरून उठून गेले. तेव्हाच मी ठरवलं, नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेऊन मामींपुढे ती गाडीच उभी करायची.

माझं शिक्षण नववी. देवळाली प्रवराला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. रणगाड्यांबद्दल जे येतं ते मिळेल ते वाचून शिकलोय, तेव्हा खालची मापं बिनधास्त धरा.

शनिवारी सातला निघालो. राहुरीपासून पुढे उसाच्या ट्रॉल्या असतात, ओव्हरटेकची घाई करू नका. तासाचा रस्ता, मी दीड धरतो. मामा-मामी एसटीने करंजी घाटातून माळीवाडा स्टँडवर आले. तिथेच मिसळ खाल्ली. तर्री जपून मागा.

संग्रहालय शहराबाहेर आहे, रिक्षा मिळते. ओळखपत्र, टोपी आणि पाणी न्या. गाड्या उघड्यावर आहेत आणि अकरानंतर लोखंडाला हात लावू नये, मी लावून बघितलाय.

पीटी-७६, म्हणजे मामांनी चालवलेल्या जातीचा रणगाडा, दिसताच मामा थांबले. चप्पल काढली, मग माझ्याकडे बघून पुन्हा घातली.

वजन चौदा टन. रणगाड्यांत हे हलकंच. चिलखत जेमतेम बोटभर जाड. समोरासमोर झुंजायला ही गाडी नाहीच. हिचं काम टेहळणी. पुढे जायचं, शत्रू कुठे आहे बघायचं आणि मागे कळवायचं.

"म्हंजे डोकावून बघायचं आन सगळ्यांना सांगायचं?" मामी म्हणाल्या. "त्याला चौदा टन कशाला? आमच्या आळीतली सरू करती की!"

मी त्यांना मागच्या बाजूला नेलं. तिथे दोन गोल तोंडं आहेत. खालून पाणी ओढायचं आणि इथून जोरात फेकायचं, की गाडी पुढे जाते. आतली पेटी पोकळ आणि बंद, म्हणून ती तरंगते. आणि एकदा तरंगली की होडीनेही ओढता येते.

मामींनी पुढे-मागे दोन फेऱ्या मारल्या. मामा सावलीत उभे, पण कान इकडेच.

"म्हंजे हे खरं बोलत हुते?"

"शंभर टक्के, मामी."

मला वाटलं, जिंकलो. उत्साहात मी पुढचं झाकण दाखवलं. "ड्रायव्हर इथे आत. पाण्यात उतरताना हा पुढचा पत्रा उभा करायचा आणि झाकण घट्ट लावायचं. पाणी पार इथवर येतं."

मामींचा चेहराच बदलला. त्या सरळ मामांकडे गेल्या.

"अवो, तुमी ह्याच्यात बसला हुता? झाकन लावून?"

"मग? बाहीर बसून चालवतेत व्हय?"

"आन तुमाला पवता कुठं येतं!"

तिसगावला पाण्याची नेहमीच मारामार. पोहायला शिकणार कुठे? मामा म्हणाले, "गाडीला येत हुतं की."

मी हसलो. मामी हसल्या नाहीत. "लगीन हून वरीस झालं हुतं. पत्रात लिवलं काय, तर जेवन बेस हाय!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मामा पाण्याची बाटली उघडून धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने मामींनी ती घेतली, दोन घोट प्यायल्या आणि त्यांचा हात धरून चालू लागल्या. स्टँडवर पोचेपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर चालकाच्या जागेचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. त्या गाडीची सगळी मापं मला पाठ होती. आत बसलेल्याला पोहता येतं का, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

परवा मामांचा फोन आला. "आरं भाच्या, हिरीतली मोटार बंद पडलीया आन ही मला उतरू देईना! पन्नास वर्सं उतरतोय मी! तूच ये बाबा."

मागून मामींचा आवाज आला, "त्याला पवता येतं का, ते इचारा आधी!"