हक्कसोडीचे कागद आणि अर्धी राहिलेली मालिका

आखातात युद्ध पेटलं त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले. मागोमाग दादाने नाशिकहून हक्कसोडीचे कागद पाठवले. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, वाटेकरी आम्ही दोघंच. आमच्याकडे बहिणी अशा कागदांवर सही करतात, एक साडी घेतात आणि माहेर टिकवतात. मीही करणारच होते. जगाशी भांडायला मला आवडतं, पण दादापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं.

नवऱ्याच्या कंपनीतले एक जण बायकामुलांना घेऊन गुरुवारी भारतात निघाले होते. कागद तेच नेणार होते. साक्षीदार म्हणून मी बुधवारी दुपारी शेजारच्या भाभींना बोलावलं. भाभी मूळच्या रत्नागिरीकडच्या, सौदीतल्या या कतीफ गावात आमच्याही आधीपासून राहणाऱ्या. त्या बरोबर चारला आल्या, कारण चारला टीव्हीवर आमची मालिका लागायची.

मालिका एका जुन्या इंग्रजी कादंबरीवरची. जमीनदार वारतो, मृत्युपत्रं दोन निघतात आणि त्याचा मुलगा पोरक्या चुलतबहिणीच्या मागे लागतो, सही कर, हक्क सोड. भाभींना इंग्रजी येत नसे. मी शेजारी बसून मराठीत सांगायचे, आणि खरं सांगते, मूळ संवादांपेक्षा माझेच जास्त झणझणीत असायचे. त्या दिवशी शेवटचा भाग होता. मुलीने हातमोजा काढला, टाक शाईत बुडवला आणि बाहेर सायरन वाजला.

खिडक्यांना टेप लावलेल्या खोलीत आम्ही दोघी पळालो, गॅसचे मुखवटे चढवले. मुखवट्याआडून भाभींचा आवाज आला, "ताई, सही केलीन का हो तिने?"

मला काय ठाऊक! पण त्यांना धीर द्यायला मी ठोकून दिलं. "नाही केली. टाक खाली ठेवला आणि म्हणाली, बाबांनी जीव लावताना कधी मुलगा-मुलगी केलं नाही. मग मी का सोडू? तू माझा भाऊ आहेस, भाऊच राहा. पण अर्धं घर माझं."

"बाबांनी? ते तर तिचे काका ना?"

मुखवट्याच्या आत मला रडू फुटलं होतं, आणि डोळे पुसायची सोय नव्हती.

भाभी म्हणाल्या, "आमच्यात कुराणातच बहिणीचा हिस्सा ठरवून दिलाय. तरी भाऊ तो मागायला येतातच. मी नाय सोडला. भाऊ दोन वर्षं बोलला नाय, मग आपणहून आंब्याची पेटी घेऊन आला."

धोका टळल्याचा भोंगा झाला. बाहेर आले आणि सही न करताच कागद पाकिटात घातले. सोबत चार ओळी लिहिल्या, दादा, साडी नको, हिस्सा हवा. पाकीट चिकटवताना मला आयुष्यात पहिल्यांदा दादाएवढी उंच झाल्यासारखं वाटलं.

दादाने वर्षभर अबोला धरला. मग एक दिवस वरच्या मजल्याची किल्ली पाठवली. हे मी तिथेच बसून लिहितेय.

मागच्या वर्षी वाचनालयात ती कादंबरी सापडली. आधी शेवटचं पान उघडलं. मुलगी डोळे पुसत सही करते आणि सगळे तिचं कौतुक करतात! मी लगेच रत्नागिरीला फोन लावला.

"भाभी, तिने सही केली होती हो."

"खोटं छापलंय," भाभी म्हणाल्या. "मी होते ना तिथे."