खोकल्याचा प्रोजेक्ट

साकीनाक्याच्या धातू-पॉलिशच्या गाळ्यातली माझी नोकरी एका कॉलेजच्या मुलीने वाचवली. विद्यापीठाच्या पैशांतून ती आम्हा कामगारांच्या खोकल्यावर प्रोजेक्ट करत होती. विचारताना ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळायची. नाव मात्र कुणालाच विचारायची नाही. मालक मास्क देत नाही, हे मी तिच्याकडे बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी तिने मालकालाच मास्कचं विचारलं. तो भडकला. "कोण बोललं तुला? नाव सांग, नाहीतर इथे पाय ठेवायचा नाही."

मी शेजारच्याच मशीनवर होतो. सातवीत शाळा सोडलेली, गाव लांब, जाणार कुठे? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मग नाही येत, काका," म्हणाली आणि निघाली.

तिचा प्रोजेक्ट अर्धा राहिला. कधीतरी भेटली, तर उरलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देईन, मालक समोर उभा असला तरी.